कुरडयांवरचे ठिपके

चाकणच्या आमच्या पुठ्ठ्याच्या कंपनीत नवा प्लांट आला तेव्हा बॉयलर ऑपरेटर म्हणून मी घरी फार मिरवलो. एकाच जाळावर वाफ करायची, तिच्यावर आधी वीज काढायची, मग त्याच वाफेने पुठ्ठा वाळवायचा. बायको खेडकडची. ती म्हणाली, "चीक शिजला की त्याच चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवतो आमी, त्यातलंच की." मी मात्र चढलो होतो. कंपनीच्या जुन्या डिझेल जनरेटरचा धूर गेला, आता राखेचा कणही पडणार नाही, असा कंपनीमागच्या आमच्या सगळ्या बिल्डिंगला शब्द देऊन बसलो.

उन्हाळ्यात बायकांनी गच्चीवर धोतरं अंथरून कुरडया घातल्या. दहाच्या सुमारास त्यांच्यावर काळे ठिपके! मी चिमणीतला धूर मोजणाऱ्या मीटरचा कागद दाखवला. तासाची सरासरी मर्यादेतच होती.

"तुमचं मीटर कुरडई खातं व्हय?" बायकोने विचारलं.

मग माझी ट्यूब पेटली. रोज पहिल्या शिफ्टचा साडेनऊचा चहा झाला की बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी मीच वाफेने झटकायचो. पाच-दहा मिनिटांचं काम, सरासरीत कुठल्या कुठे बुडून जायचं. ती काजळी बाहेर येतेय म्हणजे धूर गाळायच्या पिशव्या फाटल्या असणार. त्या बदलायच्या तर प्लांट बंद आणि वर साहेबांची बोलणी. मी सोपी वाट काढली.

"आता रात्रीच झटकायला सांगतो."

"रातच्याला कुरडया नसत्यात, पण माणसं असत्यात न्हवं?"

मला खरंच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. मीटर बरोबर असताना प्लांट कशाला बंद करायचा, म्हणून ते उखडले. मी डब्यातली ठिपक्यांची कुरडई काढून टेबलावर ठेवली. त्यांनी एक ठिपका नखाने खरवडून पाहिला, मग म्हणाले, "रविवारी बंद ठेवू." तीन पिशव्या पार फाटलेल्या निघाल्या.

आता गच्चीवरचं धोतर पांढरं राहतं. जनरेटर होता तेव्हा ते संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं, म्हणून मी या प्लांटवर खूश आहे. पण शब्दबिब्द देत नाही.

परवा बायकोने त्याच ठिपक्यांच्या वाळवणातली पहिली कुरडई तळून माझ्या ताटात वाढली. कडेला एक बारीक ठिपका होता.

"दिसला का?"

"दिसला."

"मग खावा. न्हाई म्हणला असता तर ताट उचललं असतं."