चिकू गालाला लावून

बोर्डीच्या वाडीत चिकू उतरले की आई ढिगासमोर बसायची आणि गप्पा मारता मारता फळावरून उजवा अंगठा फिरवायची. साल खरखरीत लागली तर कच्चं, गुळगुळीत लागली तर तयार. फळाकडे बघायचीसुद्धा नाही. आम्हाला तिने यावरच वाढवलं.

२०१७ साली तिची मान आणि दंड ठणकायला लागले. टोपल्या उचलून झालं असेल म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. मग मानेत गाठ हाताला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी ती दाबली तशी तिच्या अंगठ्यापर्यंत चमक गेली. मणक्यातून निघणाऱ्या नसेवर कर्करोगाची गाठ होती.

"गाठीबरोबर नसही कापावी लागेल," ते म्हणाले. "अंगठा बधिर होईल."

"मग नको," आई म्हणाली.

मी भडकले. "अंगठा हवा की जीव?"

"तुझं बरं आहे गो. तुझं पोट खडूवर भरतं." मी तलासरीच्या शाळेत शिकवायचे.

तिने अबोला धरला, आणि एका सकाळी दवाखान्यात जायला आपणच पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली.

ऑपरेशन चालू असताना माझा पाय एका जागी ठरेना. चहा घेतला, तसाच टाकला. दार उघडलं की उठायचे, हाक दुसऱ्याच कुणाला असायची. त्या दाराचाच राग येत होता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. मी रडले आणि लगेच विचारलं, परत येईल का?

"तपासत राहू," ते म्हणाले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

पुढे त्यांनी आईला डोळे मिटायला लावून अंगठ्याला सुई टोचली. "कळतंय?" "कळतंय ना." मग सुई न लावताच विचारलं. तरी ती म्हणाली, "कळतंय." मी बाहेर निघून गेले.

ऑपरेशननंतरचे किरणांचे शेक संपवून घरी आलो आणि त्याच आठवड्यात ती घरातून गायब. भांडायच्या तयारीने मी वाडीत गेले. ढिगासमोर बसून ती डाव्या हाताने फळ उचलत होती, गालावर फिरवत होती आणि टोपलीत टाकत होती. उजवा अंगठा बधिर, आणि डाव्याला साल ओळखणं जमत नव्हतं. गाल सालीवरच्या तपकिरी भुकटीने माखला होता. मी ओढणीने पुसायला गेले.

"राहू दे गो," तोंड बाजूला करत ती म्हणाली, "ढीग अजून तसाच आहे."