मोज्याखालची पाटी

संग्रहालयातल्या मध्ययुगीन मोज्याखाली पाटी आहे: ‘मागावर विणलेला’. तो सुयांवर विणलेला आहे, अशी लेखी हरकत मी तीनदा घेतली. काल तिथला कारकून म्हणाला, “आजोबा, विणलेलं ते विणलेलंच की. नाहीतर पुरावा आणा.”

आपल्या भाषेने दोन्ही कामांना एकच क्रियापद दिले, म्हणून कुणा अनाम हातांचे श्रम मागाच्या नावे लागावेत, हा अन्याय आहे.

पुरावा माझ्या कपाटात आहे. हाच मोजा पाहून माझ्या दिवंगत पत्नीने तसाच एक विणला. दुसरा राहून गेला. सुयांवरचे विणकाम एक धागा ओढत गेले की सबंध उसवते, मागावरचे कापड तसे उसवत नाही. तिचा मोजा तसा उसवून दाखवला की मी जिंकतो.

चौथ्या पत्रातले ‘सोबत पुरावा जोडला आहे’ हे वाक्य मी खोडले.