बशीतले तीन दिवस

"तुमचे चारही गर्भ तिसऱ्या दिवशी थांबले," अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सांगितलं. याला एम्ब्रियो अरेस्ट म्हणतात, म्हणजे पेशींची वाढ मध्येच थांबते. मी नुसती मान हलवली, जणू रिपोर्ट शेजारणीचा होता.

लग्नाला नऊ वर्षं झालेली. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करतात. माझी बीजं काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एकादशी होती. सासूबाई म्हणाल्या, "उपास धर बाई, देव पावते." मी धरला. साबुदाणाही नको वाटला, चहावर दिवस काढला.

जऊळक्याला घरी आल्यावर एकच विचार पोखरत राहिला. मी उपाशी राहिले म्हणून ते गर्भही उपाशी राहिले. मनातून सासूबाईंनाही सोडलं नाही. वाडीत वांगी तोडताना त्यांच्याशी बोलायची नाही. त्याही गप्प असायच्या. मला वाटलं, ताठा आहे. नवरा म्हणाला, "अजून एक डाव पाहू." मी साफ नाही म्हटलं.

दीड महिन्यानं शेवटची तपासणी होती. सासूबाई हट्टानं सोबत आल्या. दोन तास बाकाच्या दोन टोकांना बसलो. आत गेल्यावर मात्र त्यांनीच तोंड उघडलं. "मॅडम, इले उपास म्याच धराले लावला. लेकरं उपाशी गेले काय?"

मॅडमनी त्यांचा हात धरला. "आजी, तेव्हा गर्भ हिच्या पोटात नव्हतेच. प्रयोगशाळेत, काचेसारख्या छोट्या बशीत होते."

मग त्यांनी समजावलं. बशीत कल्चर मीडियम असतं, म्हणजे गर्भाला पोसणारा द्रव. सुरुवातीला गर्भ मुख्यतः त्यातल्या पायरुव्हेट नावाच्या पोषकद्रव्यावर जगतो, ग्लुकोज त्याला पुढे जास्त लागतं. पोषण कमी पडलं तरी वाढ बिघडते, जास्त झालं तरी. "ते आम्ही मोजून देतो. हिच्या ताटातलं तिथे पोचत नाही. बहुतेकदा गर्भातच मुळात काही दोष असतो. उपासानं थांबले नाहीत ते."

तुमच्यावर ही वेळ आली, तर असला प्रश्न पोटात ठेवू नका. कितीही वेडगळ वाटला तरी विचारा. मला तेवढं धाडस झालं नव्हतं.

परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लेकरं गेले त्या दिवसापासून म्या सकाळचं जेवण सोडलं होतं. लेकराले उपाशी ठेवलं, मंग म्या काहून जेवू?"

मला रडू आवरेना. डबा उघडून आधी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली.

"आई," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपण दोघी येऊ. अजून एक डाव पाहू."