दादाचं बाद झालेलं मत

इम्तियाजभाईंचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंट लावत होते. मस्कतजवळच्या सीबमधल्या एका दातांच्या दवाखान्याचा कारभार मी बघते. एरवी मी फोन उचलला की इम्तियाजभाई "काय ताई, किती दात पाडले आज?" असं विचारतात. त्या दिवशी म्हणाले, "ताई, बसलेल्या आहात का?" तेवढ्यावरून मला कळलं. माझा मोठा भाऊ, प्रकाशदादा, त्यांच्याच कंपनीत एसीच्या कामांवर सुपरवायझर होता आणि ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला गेला होता. तिथला पावसाळी मोसम सुरू झाला की हॉटेलं भरतात, त्याआधी एका हॉटेलातली यंत्रं तपासून द्यायची होती. सकाळी गच्चीवरचं काम बघून खाली आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं... पाणी येईपर्यंत गेला होता.

मी रडत बसले नाही. पासपोर्ट, कंपनीचे कागद, दूतावास, विमान, गावी शववाहिका, सगळं मार्गी लावलं. आमच्या भागातला माणूस इथे वारला की ही धावपळ दादा करायचा. गावच्या घरून भेदरलेले फोन यायचे, "भाऊ, आम्ही आता कुणाकडे जायचं?" हा प्रश्न त्याने इतक्यांदा ऐकला होता की शेवटी तो त्याच्या डोक्यातच बसला. त्यातूनच निवडणुकीचं खूळ निघालं. खूळ हा शब्द माझा. तो 'काम' म्हणायचा.

आम्ही गुहागरजवळच्या एका खेड्यातले. दादा बी.कॉम. झाला, मग एसीचं काम शिकला आणि मस्कतला आला. लग्नानंतर काही वर्षांनी मी आणि माझे यजमान सुधीर इथे आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच होता, हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि सुधीरसाठी सूचनांची यादी. पन्नाशी उलटल्यावर त्याने नोकरी सोडली आणि गावी वहिनींकडे परत गेला. आम्हाला वाटलं, आता बागेत कलमं लावेल. दोन पावसाळे गेले आणि एक दिवस फोन आला, "मी विधान परिषदेला उभा राहतोय. पदवीधर मतदारसंघ." पक्षाचं नाव त्याने सांगितलं, ते मी पुन्हा विचारलं. तालुक्याबाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं. कोकणातून लाखो माणसं बाहेरच्या देशांत राबतात, त्यांच्या घरच्यांनी अडचणीत कुणाचं दार वाजवायचं हे सभागृहात उभं राहून विचारणारा एक तरी माणूस हवा, असं त्याचं म्हणणं. सुधीर म्हणाले, "म्हणणं बरोबर आहे. पण इथून त्यातलं काही करायचं नाही. ग्रुपवर एक शब्द लिहायचा नाही." तेही बरोबर होतं. आपण इथे पोटासाठी आलेलो, परक्या देशात राजकारणाचं नाव नको.

तरी लोकांना कळायचं ते कळलंच. एका बारशाला एकजण मला सगळ्यांसमोर म्हणाला, "आमदारांची बहीण आली, खुर्ची द्या रे!" मी हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. घरी येऊन सुधीरना म्हटलं, मी सुट्टी घेऊन जाते, निदान तो नीट कपडे घालून फिरेल.

तिथे जाऊन बघते तर आमच्या जुन्या हॉलमध्ये पुठ्ठ्याची टेबलाएवढी मतपत्रिका करून ठेवलेली. पदवीधरांचं मतदान वेगळं असतं. आपलं नाव मतदार म्हणून आधी नोंदवावं लागतं, आणि केंद्रात बटण दाबायचं नसतं. कागदावर उमेदवारांची नावं असतात, त्यापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, पहिली पसंती १, मग वाटलं तर २, ३. तोही तिथे ठेवलेल्या जांभळ्या पेनानेच. दादा पुठ्ठा गाडीत घालून शाळा, बँका, पतपेढ्या करत फिरायचा आणि शिकलेल्या माणसांना शिकवायचा, "आकडा लिहा. टिक नको, फुली नको, सही नको. चुकलं तर लाजू नका, तो कागद परत द्या आणि दुसरा मागा, मिळतो." माझं नाव माहेरच्या पत्त्यावर नव्हतं, त्यामुळे मला मत नव्हतं. मी गाडीत मागे बसायचे आणि थर्मास सांभाळायचे.

लोक चहा द्यायचे, पंखा लावायचे, आणि प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "भाऊ, पहिली पसंती ठरलेली आहे आमची, पण दुसरी तुम्हालाच." दादा दोन्ही हात जोडायचा. कोकणात तोंडावर नाही म्हणत नाहीत हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत असणार. माझी एक कॉलेजची मैत्रीण आता प्राध्यापक आहे. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, मस्कतला एवढं छान चाललं होतं प्रकाशचं, हे काय सुचलं त्याला? वहिनी काही बोलत नाही?" बाहेर दादा तिच्या नवऱ्याला पुठ्ठा दाखवत होता आणि तो गृहस्थ फोनमध्ये बघत मान हलवत होता. मी तिला म्हटलं, "हौस असते एकेकाला." माझ्या भावाच्या कामाला मी हौस म्हटलं आणि तिने दिलेली वडी खाल्ली. गाडीत बसल्यावर दादाने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "दुसरी पसंती नक्की."

मतदानाच्या दिवशी तालुक्याच्या शाळेत केंद्र होतं. तो आत गेला, मी फाटकाबाहेर उभी. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, ब्लड प्रेशर. "चहा घे," म्हटलं. "नको, चल." घरी येऊन जेवला नाही. निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणेच. मोठ्या पक्षाचा माणूस पहिल्याच फेरीत लागणारी मतं मिळवून निवडून आला, त्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळच आली नाही. चहापाण्याबरोबर दादाला दिलेल्या सगळ्या दुसऱ्या पसंती तशाच गठ्ठ्यात बांधल्या गेल्या. त्याची अनामत गेली. पुढे तो बाजारात जाईना, एसटी स्टँडवर थांबेना. सहा महिन्यांच्या आत इम्तियाजभाईंना फोन करून त्याने विचारलं की काही काम आहे का, आणि पुन्हा ओमानला आला. मस्कतच्या कडेला, अल अमेरातला एक खोली घेतली. इथे सगळे समजले की गावात तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पळून आला. मलाही तसंच वाटत होतं आणि कुणी विषय काढला की मी पदार्थाची कृती विचारायला लागायचे.

त्यानंतरच्या संक्रांतीला इथल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. गाणी झाली, तिळगूळ झाला, आणि निवेदकाने सहज म्हणून दादाला माइक दिला. तो म्हणाला, "मी निवडणुकीत पडलो हे तुम्हाला माहीत आहे. विचारायचं कसं, म्हणून सगळे गप्प आहात. तर ऐका. मला माझं स्वतःचं मतसुद्धा मिळालं नाही. तीस वर्षं तुमच्या एसीच्या चेकलिस्टा भरतोय. फिल्टर, टिक. गॅस, टिक. पाण्याचा पाइप, टिक. केंद्रात गेलो, कागदावर माझं नाव दिसलं, पेन उचललं..." पुढचं त्याला बोलावंच लागलं नाही. आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग अख्खा हॉल. कुणीतरी ओरडलं, "दादा, म्हणजे मत बाद?" "बाद!" "मग दुसरा कागद नाही मागितलात?" इथपर्यंत मी ऐकलं. मग उठून पार्किंगमध्ये गेले. ही गोष्ट मी त्याच्या तोंडून, शंभर माणसांबरोबर, पहिल्यांदा ऐकत होते.

गाडीत मी त्याला झापलं. "तुला लाज नाही वाटत? आधी उभं राहून हसं करून घेतलंस, आता माइकवरून सांगतोस? उद्या मला दवाखान्यात लोक विचारतील."

तो शांतपणे पट्टा लावत म्हणाला, "लाज वाटली होती ना. केंद्रात वाटली. समोरच्या टेबलावरच्या मास्तरांना मीच आठवडाभरापूर्वी पुठ्ठा दाखवून आलो होतो. त्यांच्याकडे जाऊन कसं म्हणू, मीच चुकलो, दुसरा कागद द्या? घडी घातली आणि टाकला पेटीत." मग म्हणाला, "मत टिकेनं नाही गेलं गं. लाजेनं गेलं. आता आणखी काही घालवायचं नाही मला."

मी म्हटलं, "ठीक आहे, पण निदान माझ्यासमोर नको."

त्याने ते पाळलं... म्हणजे त्याच्या परीने. मी असले की सांगायचा नाही. मी स्वयंपाकघरात किंवा बाहेर गेले की हळूच आवाज यायचा, मग हशा. कामावर तर ती गोष्ट त्याचं हत्यारच झाली. इम्तियाजभाई सांगतात, नवा माणूस आला की दादा पहिल्याच दिवशी त्याला आपलं बाद मत सांगायचा. "ताई," ते मला म्हणाले, "पहिले कोणी चूक करायचा तर झाकून ठेवायचा, मग साताठ दिवसांनी मशीन बंद पडायचं. दादांनी किस्सा सांगितल्यावर पोरं तिथल्या तिथे येऊन बोलायला लागली, सर, मी गडबड केली. त्यांना ठाऊक, ह्या माणसासमोर लाजायचं कारण नाही." हे त्यांनी मला दादाच्या खोलीत सांगितलं, आम्ही त्याचं सामान बांधत होतो तेव्हा. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? मी खोलीत आले की सगळे विषय बदलत होते.

क्रियाकर्म आटोपून परत आले. काही आठवड्यांनी मंडळाने शोकसभा ठेवली. टेबलावर दादाचा फोटो, तोही निवडणुकीच्या पत्रकातला, कारण तोच एक नीट होता. अध्यक्ष बोलले. दादांचं सामाजिक कार्य, त्यांचा दिलदार स्वभाव, आणि मग, "त्यांनी विधान परिषदेची निवडणूक लढवली आणि अगदी थोडक्यात त्यांचा विजय हुकला." माना हलल्या. दुसऱ्या वक्त्याने तेच "निसटता पराभव" असं सांगितलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी खरी गोष्ट दादाच्या तोंडून ऐकली होती, पोट धरून हसले होते. आज एकालाही ती आठवत नव्हती. मग इम्तियाजभाई उठले. "दादांचा एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय दादा पुरे होत नाहीत. ते केंद्रात गेले..." आणि त्यांची नजर माझ्याकडे आली. थांबले. "जाऊ द्या. फार मोठा माणूस होता," म्हणाले आणि बसले.

ते माझ्यामुळे बसले. अध्यक्ष खोटं बोलले तेही माझ्यामुळे, बहिणीला बरं वाटावं म्हणून. माझ्या भावाने जी गोष्ट स्वतःच्या तोंडाने मोकळी केली होती ती ह्या सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा पेटीत टाकली होती. माझे कान तापले. बारशाला तापले होते, पार्किंगमध्ये तापले होते, त्याहून जास्त. सुधीर हळूच म्हणाले, "राहू दे आता." पण मी उठले होते.

मला भाषण येत नाही. मी म्हटलं, "माझा भाऊ थोडक्यात हरला नाही. चांगला सपाटून हरला. त्याची अनामत गेली. आणि त्याने स्वतःला दिलेलं मतही बाद झालं." कुणी हसलं नाही. शोकसभेत कोण हसणार? मी पुढे रेटलं, पुठ्ठा, शाळा, जांभळं पेन. मला गोष्ट नीट येत नव्हती, कारण शेवटपर्यंत मी ती कधी ऐकलीच नव्हती. चेकलिस्ट सांगताना गॅस आधी की फिल्टर आधी, तिथे अडखळले. "फिल्टर, ताई," मागून कुणीतरी म्हणालं. "हं, फिल्टर. मग तो केंद्रात गेला, पेन घेतलं आणि त्याने टिक मारली."

"असं नाही, ताई," इम्तियाजभाई जागेवरूनच म्हणाले. "टिक दाखवायची. दादा हात करून दाखवायचे."

मी आजूबाजूला बघितलं. शंभर माणसं, फोटो, उदबत्ती. मी पन्नास वर्षांची बाई, दवाखाना चालवते. मी हात वर केला आणि हवेत टिक मारली.

"छोटी झाली," इम्तियाजभाई म्हणाले. "दादांची कागदाबाहेर जायची."

लाजेने माझा हात जड झाला होता. तरी पुन्हा उचलला आणि खांद्यापासून पार वरपर्यंत मोठी टिक मारली, आणि मागच्या रांगेत पहिला माणूस हसला.