खुंटीवरचा फोन

फेब्रुवारी लागला तरी पंचगंगेवरनं येणारं धुकं हटायला तयार नव्हतं. सकाळी साडेसहाला पेठेतल्या दूधकट्ट्यावर चार हातांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. पेल्यात पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा यायचा. तानाबाईनं म्हशीच्या कासेवर कोमट पाणी मारलं, गुडघ्यात पेला धरला आणि बघता बघता तो फेसानं भरून वर केला.

"घ्या पावणं. फेस हाय तवर प्या. आन् जाताना तेवढं फोनात बोलून जावा."

फोन खुंटीवर होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तानाबाईचे हात ओले असायचे, म्हणून गिऱ्हाईकच पिशवीवरनं बटण दाबून बोलायचं. बोललेलं तसंच्या तसं दोन गल्ल्या सोडून घरी पडलेल्या तिच्या लेकाला, पृथ्वीराजला जायचं. सहा दिवस हाच उद्योग चालू होता. दूध प्यायचं आणि पृथ्वीराजनं आज काय ऐकावं ते सांगायचं.

सव्वीस वर्षांचा पृथ्वीराज पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातनं खेळायचा. सरावात दोन पावलांवरनं मारलेला बॉल त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि आतला पडदा सुटला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. मान खाली असली तरच तो बुडबुडा पडद्याला दाबून धरणार होता. "दहा दिवस मान खाली," डॉक्टर म्हणाले होते. "जेवताना, झोपताना, मोरीला जाताना जमिनीकडंच बघायचं. मान वर केलीस, पडदा परत सुटला, तर त्या डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही."

बाप, ज्ञानू, शिरोलीत फौंड्रीत कामाला. त्यानं नवारीच्या पलंगाच्या दोन पट्ट्या ढिल्या करून तोंडापुरती फट केली. तिच्यात तोंड घालून पृथ्वीराज पालथा पडायचा. खाली पातेलं उपडं घालून त्यावर फोन. एका डोळ्यानं वाचायला गेला की डोकं ठणकायचं, म्हणून ऐकायचं. तिसऱ्या दिवशीच तो म्हणाला होता, "आई, मला वेड लागंल. काय तरी ऐकायला आण, न्हायतर मी उठतो." त्याच दिवशी खुंटीवर फोन लागला.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. कबनूरचा एक पावणा लूमच्या खडखडाटात कानात घालून ऐकायची भुताची पॉडकास्ट सांगून गेला. ती ऐकताना पृथ्वीराज दोनदा दचकला. दोन्ही वेळेला त्याची मान फटीतनं वितभर वर आली. भुतं त्याच दिवशी बंद झाली. कॉलेजात शिकणाऱ्या अंतरानं नुसत्या कानानं खेळायचा गेम दिला. अंधारं घर, पावलांच्या आवाजावरनं दार शोधायचं. तो त्यानं दोन दिवसांत संपवला. रिटायर झालेल्या सरोजिनीबाई घरनंच पुस्तक आणायच्या आणि कट्ट्यावर उभं राहून एक प्रकरण फोनात वाचायच्या. जंगलखात्यातल्या कुणा माणसाच्या आठवणी होत्या. लोक दूध प्यायचं थांबून ऐकत.

फक्त सम्राट काही बोलत नव्हता. तो रोज यायचा, दूध प्यायचा, खुंटीकडं बघायचा आणि जायचा. बॉल त्यानंच मारला होता.

आज नवव्या दिवशी मात्र त्यानं पेला खाली ठेवून विचारलं, "काकी, मी बोलू?"

"बोल की. तुला कुणी धरलंय?"

त्यानं पिशवी खुंटीवरनं काढली, कोपऱ्यात गेला आणि पाठ करून बोलला. तानाबाईला ऐकू आलं नाही. म्हैस पाय झाडत होती आणि तिचं ध्यान तिकडं होतं. पण पोरगं एकदाचं बोललं म्हणून तिला बरं वाटलं. उद्या डॉक्टरांकडं जायचं होतं. एकच दिवस राहिला होता.

सव्वापाचला ती गोठ्यात वैरण तोडत होती. गल्ली एवढी गप्प कशी, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सरोजिनीबाई पिशवी घेऊन दारावरनं चालल्या होत्या.

"आज पेठेत माणूस नाही गं रस्त्यावर. सगळे मॅचला. पृथ्वीराजला तरी आज मनासारखं ऐकायला मिळालं म्हणायचं."

"म्हंजे?"

"सकाळी सम्राट सांगत होता ना फोनात. मी शेजारीच होते. चार वाजता कॉमेंट्री लावून बस, एक मिनिट सोडू नको, तुझ्या जागेवर मीच खेळतोय म्हणून."

तानाबाईनं विळा तिथंच टाकला. भुताच्या गोष्टीला ज्याची मान वितभर उठली, तो तालमीच्या मॅचला काय करंल? या पेठेत गोल झाला की म्हातारी माणसं अंथरुणातनं उठून बसायची. आणि तो फोन तिनंच खुंटीवर लावला होता, बटण दाबायलाही तिनंच शिकवलं होतं.

ती पळत सुटली. गल्लीतल्या प्रत्येक घरातनं तीच कॉमेंट्री येत होती, एका दारातली दुसऱ्या दाराशी जोडली जात होती. एक-एक. शेवटची दहा मिनिटं.

पृथ्वीराज फटीत तोंड घालून पडला होता. दोन्ही हातांनी त्यानं पलंगाच्या कडा आवळल्या होत्या. पाठीवरचा बनियन घामानं चिकटला होता.

"बंद कर त्ये," तानाबाई म्हणाली.

"हात लावू नगंस, आई."

"डोळा घालवतोस काय रं एका मॅचपायी?"

"बंद केलंस तर उठून मैदानावर जाईन. आईशप्पत सांगतो." तो खालच्या खाली बोलत होता, आवाज पातेल्यावर आपटून येत होता. "ऐकू दे. मी धरून बसलोय न्हवं?"

फोन ओढला तरी उठंल, ठेवला तरी उठंल. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही हात त्याच्या मानेवर ठेवले. पहाटेपासून चार म्हशी पिळणारे हात होते ते.

"चालू दे. मी हाय."

सात मिनिटं गेली. प्रत्येक हल्ल्याला त्याची मान तिच्या तळव्याखाली ताठ व्हायची आणि ती जोर द्यायची. मग कॉमेंट्रीवाला ओरडला. पेनल्टी. मारायला सम्राट.

मान उठली. एक बोट उठली असंल. तानाबाईनं सगळा भार हातांवर टाकला.

"सोड आई, दुखतंय."

"दुखू दे."

"बॉल ठेवतोय बघ तो. त्याला सांगा कुणीतरी, वर मारू नगं..."

आणि फोन थांबला. आवाज गेला. अख्खी पेठ एकाच वेळी फोन धरून बसली होती, नेटनं दम तोडला.

"काय झालं? आई, बघ की काय झालं."

तिनं बघितलं नाही. हात काढला असता तर तो उठला असता. दोघं बाहेरचं ऐकत राहिली. फटाका वाजला नाही. शिट्टी नाही, हलगी नाही. शेजारच्या घरात कुणीतरी जोरात खुर्ची सरकवली आणि दार आपटलं.

"घालवली," पृथ्वीराज पातेल्याला म्हणाला. त्याची मान हळूहळू ढिली पडली. तानाबाईनं हात काढले तेव्हा तिची बोटं वळत नव्हती.

मग तो म्हणाला, "लई शिव्या खाईल आज सम्या. आई, माझा फोन हातात दे जरा."

त्यानं बटण दाबलं. "सम्या, मर्दा, घालवलीस न्हवं? मीबी गेल्या साली घालवलीती. घरात बसू नगंस. संध्याकाळी कट्ट्यावर जा, दूध पी. आन् मॅच सोडून काय तरी सांग ऐकायला. ह्या मॅचनं माझी आई म्हातारी केली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा बघितला. परत बघितला. तानाबाई ज्ञानूच्या बाहीला धरून उभी होती.

"बसलाय पडदा," डॉक्टर म्हणाले. "पण अजून चार दिवस मान खालीच."

संध्याकाळी कट्ट्यावर सम्राट सगळ्यांच्या मागं उभा होता. तानाबाईनं त्याला हाक मारली नाही. पहिला पेला भरला तो त्याच्याकडं पुढं केला.

"चार दिवस वाढवल्यात. बोल फोनात," ती म्हणाली. "पण मोठ्यानं. मला ऐकू आलं पायजे."

सम्राट पिशवी धरून खाकरला. तानाबाईनं पुढच्या म्हशीचे मागचे पाय दाव्यानं बांधले आणि कासेवर कोमट पाणी मारलं.