टेबलावरची राख

डब्लिनच्या एका दफ्तरखान्यात मी जुने कागद पाहायला जात असे. शेजारच्या टेबलावर नोराबाई बसायच्या. त्या तिथल्या अभिलेखपाल, आणि इतिहासाची जाडजूड पुस्तकंही त्यांच्या नावावर. त्या दिवशी त्यांच्यापुढे, यादवी युद्धात दफ्तरखाना जळाला त्या आगीतून उरलेली एक वही होती, कोळशासारखी काळी. बटाट्याचं पीक नासलं त्या दुष्काळात मेलेल्यांची नोंदवही. हाडाच्या पातळ पट्टीने त्या एकेक पान सोडवत, भराभर नावं उतरवून घेत, आणि बघता बघता त्या पानाचा चुरा होई.

"ही एकदाच वाचता येते," त्या म्हणाल्या. "उघडली नाही तर नावं आतच राहतात, उघडली तर वही संपते. वीस वर्षं धीर झाला नाही. आता पुढच्या आठवड्यात निवृत्त होतेय."

उपाशी मेलेल्या माणसाला जगाने एक ओळ दिली, तीही जाळली. एका माणसाने मरायचं तरी किती वेळा?

उठताना माझ्या बाहीवर काळी भुकटी दिसली. सवयीने मी ती झटकली. नोराबाई रागावल्या नाहीत. मऊ ब्रश घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या, फरशीवरची भुकटी कागदावर गोळा केली, टेबलावरच्या चुऱ्याबरोबर पाकिटात भरली आणि पाकिटावर वहीचा क्रमांक घातला.

"नावं आहेत त्यात," त्या म्हणाल्या.

खोलीवर आले तर नखांत थोडं काळं उरलं होतं. नळ सोडला, पण पाण्याखाली हात धरवेना.