धुळ्याची थंड भट्टी

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. चहाही न घेता मी रिक्षाने पिंप्राळ्याला निघाले. मी साताऱ्याची, कुठल्याही गावी गेले की आधी तिथली बेकरी शोधते, देवळं आणि किल्ले नंतर. पिंप्राळ्यातल्या बेकरीसमोर स्कूटर थांबवून लोक कागदात गुंडाळलेले गरम पाव नेत होते. मी दोन पाव तिथेच उभ्या उभ्या खाल्ले. मालकाला पाव आवडल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला की त्याची भट्टी विजेवरची आहे. लाकडाच्या भट्टीतला पाव खायचा तर धुळ्याला सलीमभाईंकडे जा.

लगेच एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, मधूनच केळीचा हिरवा पट्टा. पारोळ्याला गाडी थांबली तेवढ्यात भजी खाल्ली आणि घाईत जीभ भाजून घेतली. दुपारी धुळ्याला पोचले.

बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. भाजल्या पावाचा वास कुठेच नव्हता. सलीमभाई पन्नाशीचे, अंगावर विटांची धूळ. त्यांनी माफी मागितली. भट्टीच्या आतल्या कमानीच्या विटा सैल झाल्या होत्या, म्हणून कित्येक वर्षांनी आग विझवून ती थंड केली होती. एवढ्या लांबून आलात तर बघून तरी जा, म्हणाले.

भट्टी एका खोलीएवढी होती, पण तोंड इतकं लहान की माणसाने आडवं होऊनच शिरावं. आत नाना होते, सत्तरीचे गवंडी. सलीमभाईंच्या आजोबांसाठी ही भट्टी नानांच्या वडिलांनीच बांधली होती. तोंडाशी बसून नानांची मुलगी वंदना कालवलेला गारा आणि विटा आत देत होती. अशी कमान बसवणारा हात आता या भागात नानांचाच राहिलाय, असं ती मला सांगत होती, तेवढ्यात आतून दबका आवाज झाला आणि तोंडातून धुळीचा लोट आला.

वंदनाने बापाला हाक मारली. थोडा वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग नाना अहिराणीत बोलले.

"माना पाय दबी गया. माले वढू नका, बठ्ठं पडी जाई." (माझा पाय दबला. मला ओढू नका, सगळंच पडेल.)

सलीमभाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. ते निघाले होते, पण आत एकेक वीट खाली येतच होती. मी पालथी पडून मोबाईलचा उजेड आत धरला. नानांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. डोळे मात्र कमानीवर खिळलेले. त्यांनी आधार मागितला. बेकरीत टेकू कुठून आणायचा? वंदनाने मैद्याचं पोतं फोडलं, लहान पिशव्या घट्ट भरल्या आणि पाव काढायच्या लांब फळीने त्या आत सरकवल्या. नानांनी पडल्या पडल्या त्या एकावर एक रचून कमानीखाली दाबल्या. विटा पडायच्या थांबल्या, पण नानांचा आवाज बारीक होत चालला होता.

पायापर्यंत हात पोचवायचा तर तोंडाची भिंत उतरवावी लागणार होती. कमानीचा भार त्याच भिंतीवर. ती गेली की पिशव्या थोडाच वेळ तग धरणार, मग भट्टी गेली. वंदनाला ते कळत होतं. तिने सलीमभाईंकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. सलीमभाई भट्टीच्या काळ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी छिन्नी उचलली.

"नाना, पहिली कोणती काढू?"

"डावीकडली. वरथून तिसरी. हयू." (वरून तिसरी. हळू.)

नाना आतून सांगत होते, सलीमभाई सोडवत होते, वंदना वीट हातात झेलत होती. उजेड हलू नये म्हणून मी कोपर जमिनीवर रोवलं. अकरावी वीट निघाली आणि सलीमभाई कमरेपर्यंत आत शिरले. त्यांनी पायावरचा ढीग हाताने उपसला, नानांच्या काखेत हात घातले आणि मागे सरकत त्यांना बाहेर आणलं. आम्ही दारापर्यंत गेलो असू, तोच कमान खाली बसली. अग्निशमन दलाची गाडी त्यानंतर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. नानांचा पाय प्लास्टरमध्ये होता. सलीमभाई आणि वंदना शेजारी बसले होते. किती विटा शाबूत आहेत, एवढंच नाना त्यांना विचारत होते. नवी भट्टी वंदनाने बांधायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मी कधी कमान बसवली नाही, असं ती म्हणाली.

"हात तुना, डोया माना," नाना म्हणाले. (हात तुझे, डोळे माझे.)

परतीच्या गाडीत मी माझी वही उघडली. कितीतरी गावांचे पाव त्यात नोंदवलेत. कुठला मऊ, कुठला खरपूस. भट्टी कोणी बांधली, तिच्यात कोण शिरतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. साताऱ्यात आल्यावर नेहमीच्या बेकरीवाल्याला पहिलं तेच विचारलं.

दोन महिन्यांनी वंदनाचा फोन आला. कमान उभी राहिली होती. पावाची पहिली खेप खालून करपली, असं ती म्हणाली, आणि ती तिने, नानांनी आणि सलीमभाईंनी भट्टीसमोर बसून चहात बुडवून खाल्ली.